खाली घेतलेला नेम

निळ्या सुटिंगच्या आठ घड्या एकावर एक बसवून, वरच्या घडीवर खडूची रेघ ओढून आई चहा टाकायला आत गेली. कापायचं काम कावेरीचं. नववीत असल्यापासून थोरवडे टेलर्समधलं शाळेच्या गणवेशांचं कापड तीच कापत आली होती. मे महिन्यात कराडातल्या निम्म्या शाळांच्या पँटी तिच्या कात्रीखालून जात.

तिनं कात्रीची पाती उघडली, कापडाच्या कडेला लावली, आणि हात थांबला.

हात दुखत नव्हता. थरथरतही नव्हता. उलट इतका स्थिर होता की पात्यावर पडलेला दिव्याचा उजेडसुद्धा हलत नव्हता. कावेरीनं कात्री खाली घेतली, श्वास सोडला, पुन्हा उचलली. पुन्हा तेच. चौथ्यांदा कात्री खाली येत होती तेव्हा आई चहा घेऊन दारात उभी होती.

"काय गं, कापतेस का नुसती मोजतेस?"

कावेरी हसली, खडूची रेघ तिरकी वाटतेय म्हणाली. आईनं रेघेकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, कप ठेवला आणि कात्री तिच्या हातातून घेऊन आठही घड्या एका दमात शेवटपर्यंत कापत नेल्या.

"कात्री लावली की थांबायचं नाही," आई कापता कापताच म्हणाली. "थांबलं की तिथं दात पडतो कापडाला. तुला नव्यानं सांगायला पाहिजे का आता?"

कावेरीनं चहा प्यायला कप उचलला. तो मात्र सरळ तोंडापर्यंत आला. तिला बरं वाटलं आणि भीतीही वाटली, कारण हे थांबणं तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. दहा मीटर एअर पिस्तुलात ती गेल्या वर्षी देशात पाचवी आली होती, ती या थांबण्याच्याच जोरावर. राष्ट्रीय संघाची निवड चाचणी चोवीस दिवसांवर आली होती. पहिल्या तिघी संघात जाणार होत्या.

*

मुजावर सरांची रेंज मार्केट यार्डातल्या एका जुन्या गुळाच्या गोदामात होती. गूळ जाऊन पंधरा वर्षं झाली तरी भिंतींचा वास गेला नव्हता आणि मुंग्यांनीही आशा सोडली नव्हती. सर सैन्यात हवालदार होते, नेमबाजीच्या तुकडीत. निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांच्याकडे दोन पिस्तुलं होती, एक उसनं घेतलेलं लेझर उपकरण होतं आणि एकच गोष्ट शिकवायची होती. ती म्हणजे पिस्तूल खाली घेणं.

नेमबाजी न पाहिलेल्या माणसाला वाटतं, नेम धरला की चाप ओढायचा. खरं तर अर्धं कसब न ओढण्यात आहे. हात उचलायचा, पिस्तुलाचं पुढचं टोक मागच्या खाचेत बसवायचं, काळ्या गोलाखाली थांबायचं आणि बोटाचा दाब वाढवत न्यायचा. सहा-सात सेकंदांत शॉट सुटला नाही, किंवा मनात नुसती शंका आली, तरी हात खाली. बहुतेकांना ते जमत नाही. उचललाय तर मारूनच टाकू, असं वाटतं, आणि तो मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाऐवजी आठात जातो.

यासाठी सरांनी एक पद्धत पाडली होती. रेंजच्या मागं चिंचेचं झाड होतं. प्रत्येकीच्या टेबलावर चिंचोक्यांची वाटी असे आणि एक बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. नेम खाली घेतला की एक चिंचोका डब्यात टाकायचा. संध्याकाळी सर डबे वाजवून बघत, चिंचोके मोजत, वहीत लिहीत. ज्या मुलीचे सगळ्यात जास्त, तिला त्या दिवशी रेंज झाडायची माफी. आणखी एक नियम होता आणि त्यात सवलत नव्हती. खाली घेतलेल्या नेमाबद्दल बोलायचं नाही. तो कुठं गेला असता, असं विचारायचं नाही. पिस्तुलाला लावलेलं लेझर उपकरण हाताचा प्रत्येक हेलकावा पडद्यावर काढून दाखवायचं. पण सरांनी पहिल्याच दिवशी त्यात अशी व्यवस्था करून घेतली होती की शॉट सुटला तरच रेघ साठवायची. नाहीतर पुसून टाकायची.

"टाकलेला नेम टाकला," सर म्हणत. "त्याच्याकडं वळून बघितलंस तर पुढचा पण गेला."

डॉक्टर सायली भोकरे पुण्याहून पहिल्यांदा आल्या तेव्हा या चिंचोक्यांवर बेहद्द खूश झाल्या होत्या. त्या मेंदूवर संशोधन करत, वयानं कावेरीहून सहाएक वर्षांनी मोठ्या. कावेरीला आणि सरांना त्यांनी समजावलं ते असं.

आपण बोट हलवायचं ठरवतो आणि बोट हलतं, यांच्यामध्ये थोडा वेळ जातो. त्या वेळात मेंदूची तयारी चालू असते आणि ती डोक्यावरच्या संवेदकांना दिसते. शेवटच्या साधारण एक पंचमांश सेकंदाच्या आधी बेत रद्द करता येतो. त्यानंतर माणूस काही करू शकत नाही, बोट हलतंच. रद्द करण्याचं काम एक ठरावीक वाट करते. मेंदूच्या पुढच्या उजव्या भागातून निघून ती खोल आत एका छोट्या गाठीपाशी पोचते. ही गाठ चेतली की सुरू होऊ पाहणारी हालचाल जागीच अडते. गाठीचा आकार विचाराल तर, असं म्हणून भोकरे मॅडमनी वाटीतला एक चिंचोका उचलून दाखवला. साधारण एवढाच.

सरांना ते इतकं आवडलं की पुढं महिनाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला चिंचोका दाखवून मेंदू शिकवत होते.

मॅडमनी आणलेला पट्टा कपाळाभोवती बसायचा. तो तीन गोष्टी करायचा. हाताचा हेलकावा आणि मेंदूची तयारी वाचून हा शॉट कसा जाणार याचा अंदाज बांधायचा. अंदाज वाईट असेल तर कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी एकवटून त्या गाठीवर सोडायचा, म्हणजे बोट अडायचं. आणि रोज संध्याकाळी दिवसभराच्या हिशेबावरून आपला अंदाज सुधारून घ्यायचा. वर्षभर असं केलं की वाट पायाखालची होते, मॅडम म्हणाल्या. मग पट्ट्याची गरज राहत नाही. वाईट शॉट मेंदू स्वतःच अडवतो. स्पर्धेत पट्टा चालणार नव्हता, सरावात चालणार होता. मेंदूनं काय शिकून यावं याबद्दल नियमपुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं.

कावेरीनं पट्टा चौदा महिने वापरला. सहाशेपैकी पाचशे सहासष्टवर अडकलेली ती पाचशे एक्क्याऐंशीवर गेली. सुरुवातीला दिवसाला पंधरा चिंचोके पडत, मग चाळीस, मग सत्तर. मार्चमध्ये पट्टा उतरवला तेव्हा साठ शॉटसाठी ती शंभर-शंभर नेम खाली घेत होती. दुपारीच तिच्या डब्यात सगळ्यांहून जास्त चिंचोके असत. आठ महिने तिनं झाडू हातात धरला नव्हता आणि बाकीच्या मुली तिला विचारत, कावेरीताई, झाडू ओळखशील ना गं दिसला तर?

*

कात्रीनंतर चार दिवसांनी कोल्हापूर नाक्यावर ती सिग्नलला थांबली. हिरवा लागला. उजव्या हातातली मूठ पिळायची, स्कूटर पुढं जाते. कावेरीनं मूठ पिळायचं ठरवलं. मूठ जागेवर राहिली. मागं एसटी होती, तिनं हॉर्न दिला. शेजारून दोन मोटारसायकली शिव्या देत गेल्या. तिला सगळं ऐकू येत होतं, दिसत होतं, पाय जमिनीवर टेकलेले कळत होते. फक्त मनगटाच्या पुढचं सगळं दुसऱ्या कोणाच्या तरी हुकमात होतं आणि तो कोणीतरी शांतपणे म्हणत होता, आत्ता नको. सिग्नल पुन्हा लाल झाला. शेवटी एसटीचा कंडक्टर उतरून आला, तिच्या तोंडाकडे बघून त्याचा राग गेला, आणि त्यानं स्कूटर हातानं ढकलत कडेला नेऊन लावली. ताई, चक्कर आली का, म्हणून विचारलं. ती हो म्हणाली. खोटं सांगणं सोपं होतं, त्याला बोट लागत नाही.

त्या आठवड्यात आणखी काय काय थांबलं याची यादी ती मनात ठेवत होती. एटीएमचं बटण. दाराची कडी. गॅसवर दूध वर चढताना ती दोन फुटांवर उभी होती, हात बर्नरच्या बटणावर होता, आणि दूध तिच्या बोटांवरून ओट्यावर उतरलं. आईनं थंड पाणी ओतलं, हळद लावली. मग म्हणाली, ते पिस्तुलाचं खूळ बास कर. चाचणीला चार दिवस उरलेत असं नाही, वीस आहेत, आत्ताच सांगून टाक सरांना.

कावेरीनं आईला सांगितलं नाही ते हे, की पिस्तूल सोडून उपयोग नव्हता. पट्टा तिनं मार्चमध्येच काढून ठेवला होता. जे थांबत होतं ते आता पट्ट्यात नव्हतंच.

तिनं भोकरे मॅडमना फोन केला. मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं आल्या.

मॅडमनी तिच्याकडून दोन तास वेगवेगळी बटणं दाबून घेतली, डोक्याचे आलेख काढले. मग त्यांनी विचारलं, खाली घेतलेल्या नेमांच्या रेघा कुठं आहेत?

सर म्हणाले, त्या ठेवत नाही आम्ही.

"एकही नाही?"

"ठेवायच्या कशाला? टाकलेले नेम ते."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी लेझर उपकरणाची ती व्यवस्था बदलली आणि कावेरीला नेहमीसारखा सराव करायला सांगितला, पाच दिवस. या वेळी उपकरण सगळंच साठवत होतं. हात वर गेला, स्थिरावला, अडला, खाली आला, तरी पिस्तूल त्या क्षणी कुठं रोखलेलं होतं हे पडद्यामागं लिहिलं जात होतं. सर पाचही दिवस अस्वस्थ होते. देवळात चपला घालून आलेल्या माणसाकडं बघावं तसे ते त्या उपकरणाकडं बघत.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मुली गेल्यावर मॅडमनी दोघांना बसवलं. कावेरीनं पाच दिवसांत सहाशे बारा नेम खाली घेतले होते. ते सुटले असते तर काय झालं असतं, हे आता मोजता येत होतं. त्यातले चारशे चौतीस दहात गेले असते.

टेबलाच्या कडेवरून मुंग्यांची रांग चालली होती, तिच्याकडं सर टक लावून बघत होते.

मॅडम सावकाश सांगू लागल्या. पट्टा रोज संध्याकाळी हिशेब शिकायचा. सुटलेल्या शॉटचे गुण त्याला टार्गेटवरून मिळत. खाली घेतलेल्या नेमाचे गुण कुठून मिळणार? रेघ नव्हती. तेव्हा त्यांनी सरांच्या वहीतले चिंचोके घातले. इतक्या वर्षांचा जाणकार माणूस म्हणतोय की हा नेम टाकला हे बरं झालं, तर ते बरंच असणार, असं त्यांनी धरलं. म्हणजे सुटलेला शॉट कधी दहा, कधी नऊ, कधी आठ. आणि खाली घेतलेला मात्र दर वेळी शाबास. पट्ट्याला न चुकण्याचा एकच मार्ग दिसला. दर महिन्याला तो थोडा आणखी आधी अडवायला लागला, आणि त्यानं अडवलं की आपण डबा वाजवून त्याला पुन्हा शाबास म्हणत होतो.

"पण माझे गुण वाढले की," कावेरी म्हणाली.

"सुरुवातीला तो खरेच वाईट अडवत होता. नंतर तू फक्त अगदी खात्रीचे तेवढे मारत होतीस. त्याचा परिणाम दिसला. बाकीचे चांगले गेले ते कुणाला दिसलेच नाहीत." मॅडम सरांकडं वळल्या. "सर, तुमची चूक नाही ही. वही बघताना मला प्रश्न पडायला हवा होता. शिकलेली मी होते."

सर उठले, कावेरीच्या टेबलावरचा डबा उचलला, सवयीनं कानाजवळ नेला आणि न वाजवताच ठेवून दिला.

उलटं शिकवता येईल का, असं कावेरीनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, येईल. घंटा वाजली की मारायचं, कसंही असो, आठात जावो, सहात जावो. मेंदूला अडवलेल्यांचं खरं उत्तर दाखवत राहायचं. सहा महिने तरी लागतील आणि पूर्वीइतका हात मोकळा होईल याची खात्री देता येणार नाही. पट्टा काढून ठेवता येतो, शिकलेलं तसं काढून ठेवता येत नाही.

चाचणीला बारा दिवस उरले होते.

*

वाट सापडली ती दुकानात, आणि शोधून सापडली नाही. आई गिऱ्हाइकाशी बोलत होती. कावेरी कापडापासून हातभर लांब उभी राहून वैतागानं रिकामी कात्री हवेत चालवत होती, करकर, करकर, आणि तशीच चालवत टेबलाकडं वळली. पाती कापडात शिरली. थांबली नाहीत. ती घाबरून बघत राहिली आणि कात्री आपली कापत कापत टोकाला पोचली. कापड थोडं वाकडं कापलं गेलं होतं.

तिनं मॅडमना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडं टाचणं उलटल्याचा आवाज आला. बरोबर आहे, मॅडम म्हणाल्या. पट्ट्यानं मेंदूला ज्या क्षणी जागं राहायला शिकवलं, तो क्षण म्हणजे हात स्थिरावल्याचा. हात थांबला की पहारा सुरू होतो. हात थांबलाच नाही, तर पहारेकऱ्याला आपली वेळ झाली हे कळतच नाही.

म्हणजे पिस्तूल काळ्या गोलाखाली स्थिर करायचं नाही. वरून खाली येत असतानाच बोटाचा दाब सुरू करायचा, आणि गोलाजवळून जाताना शॉट सुटला पाहिजे. चालत्या हातानं मारायचं.

तिनं हे सांगितलं तेव्हा सर हसले, पण तोंडानंच. चालता हात मोडण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. सैन्यात यासाठी त्यांनी रंगरुटांना उन्हात उभं केलं होतं. याला ते झटका म्हणत आणि झटका मारणाऱ्या मुलीला आठवडाभर छर्रा देत नसत.

"हे मी शिकवू तुला?" ते म्हणाले.

"शिकवू नका सर. उभे राहा नुसते."

ते उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपणहून म्हणाले, मारायचंच आहे तर मनगट तरी कुलूप कर, आणि उतरण्याचा वेग दर वेळी तोच ठेव. अकरा दिवसांत कावेरी चालत्या हातानं साडेआठपर्यंत आली, कधी नऊ, एकदा दहा. संघात जायला हे पुरेसं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. तिनं ठरवलं, प्राथमिक फेरी जुन्याच पद्धतीनं काढायची. तिथं साठ शॉटना पंचाहत्तर मिनिटं असतात, खाली घ्यायला जागा असते. अंतिम फेरीत एकेका शॉटला पन्नास सेकंद. तिथलं तिथं बघू.

माघार घेतेस का, हे सरांनी विचारलं नाही. आईनं विचारलं. कावेरी म्हणाली, घरी बसले तरी हात हाच आहे गं.

*

पुण्यात प्राथमिक फेरीत तिनं एकशे एकोणीस वेळा पिस्तूल खाली घेतलं. शेवटचा शॉट सुटला तेव्हा घड्याळात अकरा सेकंद होते. पाचशे ऐंशी. आठ जणींत ती सहावी आली.

अंतिम फेरीत एकेक मुलगी कमी होत गेली. कावेरीचा पहारेकरी त्या दिवशी दिलदार होता म्हणा किंवा त्याचं पोट भरलेलं होतं. पहिल्या किंवा दुसऱ्या उचलीला तो बोट सोडत होता आणि सोडलेला प्रत्येक शॉट दहाच्या वर जात होता. चार जणी उरल्या. आता जी बाहेर पडेल ती घरी जाणार, बाकी तिघी संघात. एकच शॉट राहिला होता. कावेरी तिसरी होती आणि चौथीच्या सहा दशांशांनी पुढं.

पंचांचा इशारा झाला. पन्नास सेकंद.

चौथी होती त्या शेजारच्या मुलीनं लगेच मारला. मागं प्रेक्षकांत थोड्या टाळ्या वाजल्या, फार नाहीत. कावेरीनं हात उचलला. पुढचं टोक खाचेत बसलं, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, काळा गोल वर टेकलेला. हात असा स्थिरावला की चौदा महिन्यांत तसा एखाद्याच वेळी स्थिरावला असेल. हा दहा होता. तिला ते माहीत होतं, जसं आपलं नाव माहीत असतं तसं. तिनं बोटाला सांगितलं.

बोट आलं नाही.

तिनं खाली घेतला. चौतीस सेकंद उरले होते. पुन्हा उचलला. पुन्हा तीच स्थिरता, तोच सारखा उजेड, आणि आतून तोच शांत नकार. या वेळी तिनं हट्ट धरला. सहा सेकंद, आठ सेकंद. तिला सहाशे बारा आणि चारशे चौतीस हे दोन्ही आकडे पाठ होते. हा नकार दहातून सात वेळा खोटा असतो हे तिला कळत होतं, आणि कळण्याचा बोटाशी काही संबंध नव्हता. काचेच्या आत उभं राहून बाहेरच्या माणसाला हाक मारावी तशी ती स्वतःच्या बोटाला हाक मारत होती. हात थकला. तिनं खाली घेतला.

सतरा सेकंद. डाव्या बाजूला चिंचोक्यांची वाटी नव्हती, तरी तिचा डावा हात सवयीनं तिकडं गेला. ते लक्षात आलं आणि तिला एकदम राग आला. तो कोणावर तेही कळेना.

तिनं पिस्तूल गोलाच्या बरंच वर नेलं, नुसत्या पांढऱ्या कागदावर. मनगट कुलूप केलं. ते खाली यायला लागलं तेव्हाच दाब सुरू केला. पांढरं, काळं, काळ्याची खालची कड. हात थांबला नाही. शॉट सुटला.

आठ पूर्णांक नऊ.

शेजारची नऊ पूर्णांक आठ होती. तीन दशांशांनी कावेरी बाहेर पडली. पंचांनी तिचं नाव पुकारलं, तिनं पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं, मागं वळून लोकांना हात केला आणि रेघेच्या बाहेर आली.

सर कठड्याशी उभे होते. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण सुटलं होतं, ते त्यांना कळलेलं नव्हतं.

"कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"वर. घड्याळात बारा असतात बरोबर तिथं. उतरताना लवकर सुटला."

"त्याच्या आधीचे दोन?"

कावेरीनं त्यांच्याकडं पाहिलं. असा प्रश्न त्यांनी आजवर कुणालाही विचारला नव्हता.

"दोन्ही दहा होते, सर."

सरांनी मान हलवली. मग त्यांनी तिच्या हातातली पिस्तुलाची पेटी घेतली, जी ते कुठल्याच मुलीची कधी उचलत नसत, आणि दोघं बाहेर पडली.

*

आता रेंजवर रोज सकाळी घंटा वाजते. सरच वाजवतात, मनात येईल तेव्हा. घंटा झाली की कावेरीनं मारायचं. सुटला की तिच्या डब्यातून एक चिंचोका काढून सर तो मागच्या दारातून झाडाखाली फेकतात. वहीत तिच्या नावावर हजारो आहेत, डबा संपला की पुन्हा भरायचा. काही दिवस पंधरा निघतात, काही दिवस दोन. बाकीच्या मुलींच्या टेबलांवरून वाट्या गेल्या आणि लेझर आता सगळंच साठवतं. रेंज कावेरी झाडते.

परवा आई चष्मा लावून काजं करत बसली होती. शाळा सुरू व्हायला पाच दिवस होते. कावेरीनं खाकीच्या घड्या मांडल्या, रेघ मारली, कात्री उचलली आणि टेबलापासून दोन पावलं मागं जाऊन ती हवेत चालवायला लागली. करकर, करकर.

आईनं चष्म्यावरून पाहिलं. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, हवेत काय कापतेस गं. आता ती विचारत नाही.

कावेरी पाती चालवतच पुढं आली. कापड लागलं, पाती आत शिरली. मध्यावर आल्यावर तिला दिसलं की ती खडूच्या रेघेपासून उजवीकडं सरकतेय. थांबून, सरळ करून, मग पुढं जावं, असं कोणालाही वाटलं असतं. तिला थांबून चालणार नव्हतं. थांबली असती तर पुन्हा किती वेळानं सुरू झाली असती कोणास ठाऊक. ती तशीच शेवटपर्यंत गेली.

तिनं तुकडा आईपुढं धरला. आईनं वाकडी कड बोटानं चाचपली, रेघेपासूनचं अंतर नजरेनंच मोजलं.

"शिवणीत जाईल," आई म्हणाली. "पुढचं घे."